मेरुमणी

वैजयंतीला पहिला संशय आला तो आल्यामुळे.

सकाळी पोहे खाता खाता मुकुंदराव म्हणाले, "कालचा चहा झकास झाला होता हं. आलं अगदी बेताचं. परवासारखं जास्त नाही."

कढई घासणारा तिचा हात थांबला. एकतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिच्या हातच्या कुठल्याही पदार्थाला 'ठीक'च्या वरचा शेरा दिलेला नव्हता. मुकुंद लोहोकरे कराडच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढलेला माणूस. तिने लिहिलेली वाण्याची यादीसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ सुधारून तिच्या हातात परत ठेवणारा. त्यांच्या तोंडून 'झकास' ऐकून तिला आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघावासा वाटला.

पण 'झकास'चं एक वेळ सोडा. त्या घरात चहात आलं पडतच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच चहाला "मला आल्यानं जळजळतं" असं त्यांनी सांगून टाकलं होतं आणि त्यानंतर आल्याचा तुकडा त्या पातेल्याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता.

मग काल हा माणूस कुणाच्या हातचा चहा पिऊन आला?

मुकुंदरावांची आठवण गळायला लागून दोन वर्षं झाली होती. जुनं सगळं शाबूत. लग्नात कोण कशावरून रुसलं होतं ते तपशीलवार सांगत. सकाळची गोळी घेतली की नाही ते मात्र सांगता येईना. डॉक्टरांनी मेंदूची रंगीत चित्रं दाखवली, आणि म्हणाले, स्मरणी लावा.

स्मरणी म्हणजे सुपारीएवढं एक यंत्र. गळ्यात अडकवायचं, पाठीला पोलादी चकती, ती छातीला टेकलेली राहते. दिवसभर ते ऐकतं, बघतं, जे घडेल ते एकेका ओळीत टिपतं आणि दिवेलागणीला कानातल्या बारक्या मण्यातून दिवसाची उजळणी करतं. 'सकाळी सोनचाफा आणलास. शेजारच्या काकड्यांशी पाण्यावरून बोललास. दुपारी जिन्यात अडखळलास, लागलं नाही.' एवढंच. पण त्यामागचा शोध मोठा होता. आठवण ही काही कपाटातली वस्तू नव्हे, की काढली, पाहिली, परत ठेवली. मेंदू दर वेळी ती नव्याने रचतो, आणि एकदा रचली की तीच खरी म्हणून सांभाळतो. आजारी मेंदूला स्वतःहून रचायला जमत नाही. पण ठरावीक वेळी, ठरावीक लयीत कुणी नुसती ओळ पुरवली, तर त्या ओळीभोवतीचा उजेड, वास, आवाज तो आपला आपण भरून काढतो. ओळ यंत्राची, बाकी सगळं माणसाचं. दुसऱ्या दिवशी विचाराल तर तो शपथेवर सांगेल, मला आठवतंय.

नव्या स्मरणीसाठी वर्षभराची रांग होती. कंपनीने 'तपासून, पुसून' दिलेली, कुणीतरी आधी वापरलेली मात्र लगेच मिळत होती. तशी एक सात महिन्यांपूर्वी घरी आली.

आणि आली त्या दिवसापासून वैजयंतीचा तिच्यावर एक राग होता. संध्याकाळी सहाला दोघं गॅलरीत चहा घेत आणि चहा चालू असतानाच कानात उजळणी चाले. मग आठ वाजता मुकुंदराव विचारत, "अगं, आज चहा नाही का दिलास?" सकाळची भाजीवाली लक्षात, दुपारचा पोस्टमन लक्षात, दिवसातली जी वीस मिनिटं बायकोशेजारी बसून काढली तेवढीच नेमकी गायब. बाईच्या मनात काहीबाही यायला याहून कमी पुरतं.

वैजयंतीचं शिक्षण बारावी. धंदा पटवेकरीचा, आईकडून आलेला: मंगळसूत्रं, पोती, जपमाळा ओवून द्यायच्या. पण बोटांना गाठी सोडवायची सवय लागली की डोकंही स्वस्थ बसत नाही. अंगावर वागवायच्या यंत्राची आज्ञावली मालकाला उघडून बघता आली पाहिजे, बदलताही आली पाहिजे, असा कायदा नुकताच झाला होता. तिने बघायचं ठरवलं. फोनवर 'ओनामा' नावाचा एक गट होता. तिथे नवशिक्यांनी प्रश्न विचारायचे आणि लातूरच्या इनामदार मॅडमनी उत्तरं द्यायची. मॅडमची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली, त्यामुळे बोलणं तारेतल्यासारखं मोजकं.

"मॅडम, यादी शून्यापासून का मोजतात? पहिल्याला पहिला का नाही म्हणत?"

"कारण तो नंबर नाही, अंतर आहे. दारापासून किती पावलं, ते. जो दारातच उभा आहे त्याला शून्य पावलं. पुढचा प्रश्न."

वैजयंतीने मान डोलावली. पटलं होतं. तरी मुकुंदरावांची रोजची यादी फोनवर बघताना शून्य आकड्यापुढची ओळ ती मथळा समजून सोडून देई. पटणं आणि अंगवळणी पडणं यांत बरंच अंतर असतं.

चार महिन्यांच्या खटपटीनंतर, त्या आल्याच्या सकाळच्या आदल्या दिवशी, तिला चोर सापडला होता. म्हणजे सापडला असं तिला वाटलं. स्मरणीची आठवण म्हणजे खणांची एक लांबच लांब ओळ. एकेका खणात एकेक नोंद. आज बारा नोंदी झाल्या असतील तर 'शून्य ते बारा' वाच, असं लिहिलेलं. पण मधे जी दोन टिंबं होती त्यांचा अर्थ मॅडमनीच शिकवला होता: बाराच्या अलीकडे थांब. तिने मांडीवर थाप मारली. शेवटचा खण हे यंत्र वाचतच नाही! आणि दिवसाचा शेवट म्हणजे चहा.

शेवटचा धरून मोजायचं हे तिच्या बोटांत मुरलेलं होतं. गिऱ्हाईक एकशे आठ मण्यांची माळ मागतं, तेव्हा ओवणारी एकशे नऊ मोजून काढते: एकशे आठ, आणि वर मेरुमणी. तो विसरला तर माळ परत येते. तिने दोन टिंबांपुढे एक बरोबरचं चिन्ह घातलं. आता बारा धरून. यंत्राने लाल अक्षरांत ओरडा केला, 'हद्दीबाहेर.' ओरडा बंद करायचाही एक शब्द असतो. त्याचा अर्थ साधारण 'माझ्या जबाबदारीवर' असा होतो. नवशिका तो फार लवकर शिकतो. तिने तो लिहिला. लाल अक्षरं गेली.

त्या दिवशी आठ वाजता मुकुंदरावांनी चहाबद्दल विचारलं नाही. तिने देवापुढे साखर ठेवली.

आणि सकाळी हे आलं.

तिने फोनवर कालची यादी काढली. शेवटची ओळ होती: 'तिच्याबरोबर चहा घेतलास. आलं बेताचं. काल जास्त झालं होतं. तिला तसं म्हणालास.'

तिच्याबरोबर. कुणाच्या? यंत्र तर तिने कालच स्वतःच्या हाताने दुरुस्त केलं होतं. तेव्हा यंत्रावर संशय घ्यायला जागाच नव्हती. उरला नवरा. तो रोज चार ते पाच फिरायला जात होता.

पुढचे पंधरा दिवस वैजयंती यादीची शेवटची ओळ आधी वाचू लागली. 'ती पायरीवर बसली होती. केस धुतलेले. बघत राहिलास.' सकाळी मुकुंदराव तिच्याकडे बघून म्हणाले, "काल केस धुतले होतेस ना? मी आपला बघतच राहिलो." तिने केस गेल्या रविवारी धुतले होते. तिला राग आला. मग ती आत जाऊन आरशासमोर उभी राहिली, आणि राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. दुपारी तिने शिकेकाई काढली.

'भरतीला अजून तास होता. तिने डबा उघडून दिला. तिला बाय म्हणालास.' दुसऱ्या दिवशी डबीतून लवंग घेताना ते म्हणाले, "बाय माझे, जरा पाणी आण."

ती पाणी घेऊन आली. तांब्या ठेवताना तिने तो शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिला: बाय. रत्नागिरीकडचा शब्द. बावीस वर्षांपूर्वी मुकुंदराव एका पुस्तकाच्या कामासाठी तीन महिने रत्नागिरीला राहिले होते. तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. आता वाटलं, साचलेलं होतं ते व्याजासकट वाटलं.

ते फिरायला गेल्यावर तिने त्यांची पत्र्याची ट्रंक पालथी घातली. जुने छापील कागद, लाल शाईच्या बाटल्या, आणि तळाशी पत्रांचा एक गठ्ठा. रत्नागिरीच्या पत्त्यावर आलेली, बाईच्या हस्ताक्षरातली. उघडून बघते तर तिचीच. तिने लिहिलेली सतरा पत्रं, आणि प्रत्येकात लाल शाईने वेलांट्या सुधारलेल्या. 'तुमची आठवन येते' यातला 'न' खोडून वर नीट 'ण' केलेला. हसावं की रडावं हे ठरायच्या आत किल्लीचा आवाज आला, म्हणून तिने ट्रंक ढकलली.

संध्याकाळी तिने सरळ विचारलं.

"अहो, बाय कोण?"

"कोण?"

"आज मला म्हणालात. बाय माझे, म्हणून."

"मग तूच असशील."

"मी वैजयंती. ते तर तुम्ही आजवर धड एकदा म्हटलं नाहीत. सगळा संसार 'अगं'वर भागवलात. रत्नागिरीला कोण होतं?"

"रत्नागिरीला खानावळ होती. आमटीत मीठ जास्त." त्यांनी विचार केला. "दोन्ही वेळेला."

"आणि ती पायरी? केस धुऊन कोण बसतं पायरीवर?"

"तू. आपल्या दाराची नाही का पायरी? खाली पाणी दिसतं, होडीचा दोर..." ते थांबले. गॅलरीच्या कठड्यावरून त्यांनी खाली पाहिलं. खाली स्कूटरी होत्या. "अगं, आपण तर तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"तेच म्हणते मी."

"मग मला कुठली पायरी दिसते?"

हे त्यांनी इतक्या हळू विचारलं, की भांडणासाठी साठवलेली तिची पुढची चार वाक्यं तिने गिळून टाकली. चोरी लपवणाऱ्याचा चेहरा तसा नसतो. पण तिने ओळखूनही संशय सोडला नाही, कारण तो सोडला तर 'बाय माझे' सोडावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशीपासून तिने चहात नखाएवढं आलं टाकायला सुरुवात केली. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून प्यायचा हट्टही केला. मुकुंदराव निमूट पीत. आठवणीतल्या चहाशी हा जुळत होता, तेव्हा बोलण्यासारखं त्यांना काही सापडत नसावं. त्या न पाहिलेल्या बाईशी तिची अशी मुकी चुरस चालू होती, आणि गंमत म्हणजे जिंकावं की हरावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

मग एका दुपारी मुकुंदराव फिरायला गेले ते सहा वाजले तरी आले नाहीत.

काकडे म्हणाले, स्टँडच्या बाजूला जाताना दिसले. ती रिक्षाने गेली. गुहागरच्या फलाटावर ते उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात.

"अहो! इथं काय करताय?"

त्यांनी वळून पाहिलं. ओळखलं, पण ओळखायला वेळ लागला. तो वेळ तिने मोजला नाही, तरी तो तिला पुढे कितीतरी दिवस पुरला.

"गाडी लागली नाही अजून," ते म्हणाले. "आणि पाणी चढायला लागलं असेल. भरती लागायच्या आत बोट पलीकडे न्यायला हवी. माणसं खोळंबलीत धक्क्यावर."

"कसली बोट? झोपाळ्यावर बसलं तरी मळमळतं तुम्हाला."

"इंजिनाला पाणी कमी पडतं तिच्या. दुसरा कुणी चालवेल तर तापवून ठेवेल."

फलाटावरच्या बाकावर ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या पँटचे दुमडलेले पाय एकेक करून खाली सोडले. बाई ठेवलेला माणूस बाई लपवतो. बोटीचं इंजिन कुणी लपवत नाही. हे दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य होतं, आणि ते रोज एकेक ओळ करून तिच्या नवऱ्यात उतरत होतं. असंच चाललं तर एका संध्याकाळी हा माणूस तिला ओळखायला लागणारा तो वेळसुद्धा घेणार नाही, ओळखणारच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गटावर न लिहिता मॅडमना सरळ फोन लावला.

"मॅडम, बावळट प्रश्न आहे."

"बावळट प्रश्नांचाच गट आहे. विचारा."

"मेमरी मोकळी केली म्हणजे पुसली ना?"

"नाही. लॉजमधला माणूस गेला की मॅनेजर रजिस्टरमधलं नाव खोडतो, खोली रिकामी म्हणतो. पण गादीवरचा खळगा, आरशावरची टिकली तिथंच असते. नवं माणूस येऊन पसारा मांडेल तेव्हा जुनं जातं. तोवर सगळं तिथंच. फक्त त्या खोलीत कुणी जायचं नाही, एवढा नियम."

"आणि कुणी गेलं तर?"

"यंत्र ओरडतं. 'हद्दीबाहेर' म्हणतं. बाई, तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत काय?"

वैजयंतीने सगळं सांगितलं. टिंबं, बरोबरचं चिन्ह, माझ्या जबाबदारीवर.

"शून्यापासून मोजलं तर बारा नोंदी कुठं संपतात?"

तिने बोटं मोजली. शून्य, एक, दोन... बोटं संपली, दोन पेरं आणखी घेतली. "अकरावर."

"मग बारावर काय असतं?"

बारावर काही नसतं. बारा म्हणजे मेरुमणी. ओवणारीने तो मोजायचा असतो. जप करणाऱ्याने नाही. तिथे बोट टेकलं की माळ उलटी फिरवायची, तो ओलांडायचा नाही, हे तिची आई गिऱ्हाइकाला माळ देताना दर वेळी सांगत असे. वैजयंतीने यंत्राला ओवणारीसारखं मोजायला लावलं होतं, आणि ते रोज संध्याकाळी मेरुमणी ओलांडून परक्याच्या खोलीत एक पाऊल टाकून येत होतं.

"पण मग चहा का गायब व्हायचा?"

"चालू असलेली गोष्ट टिपतात होय? चहा संपल्यावर खणात पडणार. तो दुसऱ्या दिवशीच्या यादीत गेला असेल, सगळ्यात वर. बघितलं नाहीत?"

सगळ्यात वर. शून्यावर. फोन ठेवून तिने सात महिन्यांच्या याद्या उघडल्या. एकूण एक यादीत, जी ओळ ती मथळा समजून सोडत आली होती तिथे लिहिलेलं होतं: 'काल संध्याकाळी तिच्याबरोबर चहा.' 'काल संध्याकाळी तिच्याबरोबर चहा. कप गार होईपर्यंत दोघं बसलात.' दोनशेपेक्षा जास्त संध्याकाळी. रोजची उजळणी तिच्यापासूनच सुरू होत होती.

ती चरफडत उठली, कारण कुणावर तरी रागावायला हवं होतं आणि कंपनी सोयीची होती. पुसून देतो म्हणाले होते! मुकुंदरावांच्या गळ्यातून तिने यंत्र उतरवलं आणि पाठीवरचा 'तपासले' असा गोल स्टिकर नखाने खरवडून काढला. खाली, स्टीलच्या पातेल्यावर असतात तशी, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती: 'र. वि. भाटकर, धोपावे. सौ. सुहासिनीकडून.'

कुणा बाईने हे यंत्रही भांडेवाल्याकडे नेऊन त्यावर नाव घालून घेतलं होतं. वैजयंतीने त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. एवढे दिवस जिच्याशी चुरस चालली होती, तिचं नाव सुहासिनी.

भाटकरांच्या उरलेल्या नोंदी तिने मोजल्या. वाचल्या नाहीत, फक्त मोजल्या. चारशे अकरा. मुकुंदरावांचा रोजचा दिवस जिथे संपे त्याच्या लगेच पुढे त्या सुरू होत होत्या, आणि रोज मुकुंदरावांच्या बारा-एक नव्या नोंदी तेवढ्याच जुन्या नोंदींवर जाऊन बसत होत्या. सात महिन्यांत त्या माणसाचं आयुष्य बरंचसं बुजून गेलं होतं. आता एकच काम होतं. उरलेलं काढून घ्यायचं, चिन्ह खोडायचं, लाल अक्षरांना तोंड परत द्यायचं. पाच मिनिटांचं काम.

तिने ते उद्यावर टाकलं.

का, ते तिला पक्कं ठाऊक होतं आणि ती स्वतःशीही बोलणार नव्हती. फक्त आजचा एक दिवस. संध्याकाळी त्यांना जिन्याच्या पायरीवर बसवून तिने आल्याचा चहा दिला, आणि कानातला मणी कुजबुजत असताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसली. उजळणी संपली. मुकुंदरावांनी तिचा हात हातात घेतला.

"मी विसरलो," ते म्हणाले, "तरी तू मला सांगत जा हं, बाय."

एवढं सुंदर वाक्य तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. आणि तेही तिला म्हटलेलं नव्हतं. हे दुसऱ्याच बाईसाठी होतं, आणि ती बाई खाडीकाठी कुठेतरी, हे आता नव्याने सांगणारं कुणी नाही असं समजून बसली असेल. दुसऱ्याचं पत्र वाचावं तसं तिला झालं. त्याहून वाईट, दुसऱ्याच्या पत्रावर गाल टेकल्यासारखं.

सकाळी तिने पुन्हा मोजलं. तीनशे नव्याण्णव.

ग्रामपंचायतीकडून नंबर मिळाला. पहिल्या वाक्यालाच पलीकडून आवाज चढला.

"ठेवा फोन. हल्ली मेलेल्या माणसांच्या आवाजात फोन येतात. आमच्या शेजारणीकडं तिच्या सासऱ्यानं ओटीपी मागितला, पाच वर्षांपूर्वी गेलेल्या!"

"वहिनी, मी काही मागत नाही. माझ्या मिस्टरांच्या गळ्यात तुमच्या मिस्टरांची स्मरणी आहे. मागे तुमचं नाव घातलेलं आहे."

"नाव कुणीही वाचेल."

"तुम्ही चहात आलं घालता. एकदा जास्त झालं होतं. दुसऱ्या दिवशी बेताचं झालं, आणि त्यांनी तुम्हाला तसं सांगितलं."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"जास्त नव्हतं झालं," पलीकडची बाई म्हणाली. आवाज पार बदललेला. "मी कधी कबूल नाही केलं. तेच आपले म्हणत राहिले." मग, "कंपनीचा माणूस आला होता, ते गेल्यावर. म्हणाला, पुसून दुसऱ्या कुणाला देऊ. मी म्हटलं, द्या, कुणाच्या उपयोगी पडू दे. मला वाटलं, भांडं पुसतात तसं वरून पुसतील. आत ते होते, हे मला कुठं ठाऊक?"

"आत अजून आहेत. तीनशे नव्याण्णव नोंदी." वैजयंतीने डोळे मिटले. "काल चारशे अकरा होत्या. बारा माझ्यामुळे गेल्या. मला कालच फोन करता आला असता. मी नाही केला."

"का?"

"ते फार चांगलं बोलतात, वहिनी. आमच्यात तशी पद्धत नाही."

पलीकडून एक आवाज आला. तो हुंदका असेल असं वैजयंतीला वाटलं. पण ते हसणं होतं, ओलं.

"बोलायचे हो. नुसतं बोलायचे. घरातलं एक काम कधी केलं नाही."

"कालची शेवटची नोंद आधी सांगते. ती तुमची आहे." आणि तिने ते वाक्य, 'बाय' सकट, जसंच्या तसं सांगितलं.

दुपारी नोंदी एका कार्डावर उतरवून तिने धोपाव्याला पाठवल्या, मुद्दाम एकही न वाचता. मग यंत्रातले ते खण शून्याने भरून काढले. नुसतं नाव खोडलं नाही. गादी झटकली, आरसा पुसला. बरोबरचं चिन्ह खोडलं. 'माझ्या जबाबदारीवर' खोडलं. शेवटी स्वतःची एक ओळ घातली, उजळणी संपली की कानात सांगायला: 'आजचं एवढंच.'

सहा वाजता दोघं गॅलरीत बसली. मण्याची कुजबुज थांबली. मुकुंदराव आणखी काहीतरी येईल म्हणून मान तिरकी करून थांबले. काही आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते कोकणातलं ऊन उतरलेलं तिला स्पष्ट दिसलं, आणि आपण काय केलं ते तिला कळलं. आता हा माणूस तिला 'ठीक' म्हणेल. फार तर.

त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, आलं घातलंस की काय?"

तिचा हात तोंडाशी गेला. गेल्या काही दिवसांच्या सवयीने तिने टाकलं होतं.

"मला आल्यानं जळजळतं. हजारदा सांगितलं. पहिल्याच चहाला सांगितलं होतं. तू निळ्या फुलांचा कप आणलास, कान तुटलेला, आणि मी म्हटलं, एक तर कप बदल नाहीतर चहा. दोन्ही चुका एकदम नकोत."

कपाचं वैजयंती स्वतः विसरली होती. माहेरचा होता, वरातीतून येताना कान गेला होता. संशयाची सवय अशी जात नाही. तिने तिथल्या तिथे फोन काढून यादी चाळली. सात महिन्यांतल्या एकाही खणात निळ्या फुलांचा कप नव्हता. हे यंत्राने पुरवलेलं नव्हतं. हे त्यांचं होतं.

"हसतेस काय? दुसरा कर."

"करते," ती म्हणाली, पण उठली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पातेलं गॅसवर ठेवून तिने यादी उघडली आणि वरून, शून्यापासून वाचायला घेतली.

'०. काल संध्याकाळी तिच्याबरोबर चहा. त्यात आलं. तू रागावलास. ती खूप वेळ हसत होती.'